हॅनाची चूल

विभा सबनीसला कुणाच्याही घरी न्या, दिवाणखान्यात ती पाच मिनिटं टिकायची नाही. "वहिनी, काय करताय हो आत?" म्हणत ती थेट ओट्यापाशी. घराचं खरं बोलणं तिथंच होतं, बाहेर नुसतं सोफ्याचं कौतुक, हे तिचं ठाम मत. आता अशा बाईनं एका घरात गाईड म्हणून काही वर्षं काढावीत आणि त्या घराचं स्वयंपाकघर कुठं आहे हेच तिला ठाऊक नसावं? पण झालं खरं तसं. सांगते.

घरही साधंसुधं नव्हे. जपानात पैशाला पूर आला होता त्या काळात तोक्योशेजारच्या चिबा प्रांतातल्या एका उद्योगपतीला अमेरिकेची सहल घडली. तिथं व्हर्जिनियात त्यानं नॅथॅनियल व्हिटकोम नावाच्या जुन्या मुत्सद्द्याचं घर पाहिलं. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती तेव्हाचा हा माणूस. कायदे घडवले, भाषणं ठोकली, मनुष्यमात्राच्या स्वातंत्र्यावर पानंच्या पानं लिहिली. उद्योगपती घर बघून खुळावला आणि परत येऊन त्यानं डोंगरउतारावर खांबाला खांब, खिडकीला खिडकी लावून ते जसंच्या तसं उभं केलं. हौसेला मोल नाही म्हणतात ते हे असं. पुढं तो गेला, घर एका संस्थेकडे आलं. आता सुट्टीच्या दिवशी तिथं लग्नं लागतात, एरवी शाळांच्या सहली येतात. आणि घर अमेरिकन असलं तरी उभं जपानात आहे, तेव्हा दारात बूट काढायचे आणि स्लिपर घालायच्या. तिथं सवलत कुणालाही नाही.

विभाचा नवरा हरीश मुंबईच्या एका बँकेच्या तोक्यो शाखेत. बदली तीन वर्षांची म्हणून दोघं आली आणि चिबातल्या इचिकावा गावातच रुजली. विभानं आधी कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या अष्टौप्रहर उघड्या दुकानात, अर्धवेळ नोकरी धरली. गल्ल्यावर उभी राहून, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून ती जपानी शिकली. तिची मुलगी सोनल म्हणते, "आईचं जपानी म्हणजे फोडणी घातलेलं जपानी." असू दे. त्याच जपानीवर तिनं गाईडची परीक्षा दिली आणि पासही झाली, उगाच नाही.

घराचे व्यवस्थापक शिमिझु-सान. माणूस भला, पण छापील. गाईडनं काय बोलायचं ते सगळं लिहून ठेवलेलं. दालन, अभ्यासिका, जेवणघर, गच्चीवरून दिसणारा देखावा आणि शेवटी साहेबांचं स्वातंत्र्यावरचं भाषण. चाळीस मिनिटं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. विभाच्या जिभेला हे म्हणजे बैलाला मुसकं बांधल्यासारखं, पण ती निभावून नेत होती.

तर एका सकाळी पॅट्रिशिया नावाच्या एक अमेरिकन आजी आल्या. नातवाकडे जपानात आलेल्या, मूळ घर अनेकदा पाहिलेल्या. जेवणघरात विभा चांदीच्या ताटांचं वर्णन करत होती, तेवढ्यात आजींनी विचारलं, "हॅनाचं स्वयंपाकघर कधी दाखवणार?"

"कोण हॅना?" विभा म्हणाली.

आजींनी चष्मा काढला. "या ताटांत जे वाढलं जायचं ते रांधणारी. व्हिटकोमांनी विकत घेतलेली बाई होती ती. आयुष्यभर त्यांच्या चुलीपुढं उभी राहिली. तिकडं आता लोक आधी तिचं स्वयंपाकघर बघतात, मग घर. मागच्या अंगाला आहे, विटांचं."

विभाचे कान गरम झाले. अगं बाई! इतकी वर्षं आपण ही ताटं मिरवतोय आणि यातलं अन्न शिजलं कुठं, हा प्रश्न आपल्याला पडू नये? आपल्याला? फेरी संपताच ती आजींना घेऊन मागच्या बाजूला धावली. हिरव्या झुडपांआड एक विटांचं खोपटं होतं. विभा त्याला नेहमी अडगळीची खोली समजायची, आणि होतीही ती तशीच. लग्नाच्या घडीच्या खुर्च्या, कागदी फुलांच्या कमानी, एक मोडकं व्यासपीठ. दोघींनी मिळून खुर्च्या बाजूला सरकवल्या आणि मागून निघाली चूल. माणूस आत उभा राहील एवढी मोठी, भांडी टांगायला लोखंडी दांडा, वर माळ्याकडे जाणारी शिडी. त्या उद्योगपतीनं नक्कल करताना हेही सोडलं नव्हतं!

"माळ्यावर ती झोपायची," आजी म्हणाल्या. "मुलंही तिथंच झाली. दोन मुलं व्हिटकोमांनी विकली. कर्ज झालं होतं म्हणे."

विभानं शिडीच्या खालच्या पायरीवरची धूळ हातानं पुसली.

दुसऱ्या दिवशी ती शिमिझु-सानांच्या टेबलापुढं हजर. "स्वयंपाकघर फेरीत घ्यायचं!" तिला उत्साह असा की श्वास घ्यायची शुद्ध नाही. झाडून काढते, धुऊन काढते, पुरावे त्या मूळ घराच्या वेबसाइटवर आहेत, भाषांतर मी करते.

शिमिझु-सानांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मान वाकडी केली. जपानी माणसानं मान वाकडी केली की समजावं, घोडं अडलं. "सबनीस-सान, पाहुण्यांना स्वयंपाकघर दाखवायचं? आपण दिवाणखाना दाखवतो. पाहुण्याला आत नेणं म्हणजे यजमानाची लाज उघडी पाडणं." आणि मग हळूच, "शिवाय ती इमारत पाडायची ठरलंय. एप्रिलमध्ये तिथं स्वच्छतागृह होईल. लग्नाची मंडळी तक्रार करतात."

विभाच्या मनात आलं, आपल्याकडं घर दाखवताना कौतुकानं आधी ओटा दाखवतात, आणि इथं तीच लाजेची गोष्ट! बरं, हा माणूस वाईट नाही, खोटं बोलत नाही, मनापासून सांगतोय. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

घरी येऊन तिनं पोळ्या अशा लाटल्या की हरीश म्हणाला, "काय झालं? पोळपाट वाचव." तिनं सगळं सांगितलं. हरीशचं मत पडलं की दुसऱ्याच्या देशात, तिसऱ्याच्या इतिहासासाठी आपण कशाला जीव काढायचा. विभाचं लाटणं हवेत थांबलं. "अहो, ती बाई जन्मभर दुसऱ्याची ताटं भरत राहिली. आता तिच्या चुलीवर संडास बांधतायत. आणि मी म्हणू, मला काय त्याचं?" सोनल वही बंद करत जपानीत म्हणाली, "मोठ्यांना नको नेऊस, आई. शाळेची मुलं ने. मोठी माणसं लाजतात, मुलं विचारतात."

पोरीनं लाख रुपयांची गोष्ट सांगितली! विभानं शिमिझु-सानांचा पिच्छाच पुरवला. दाराशी गाठलं, जेवणाच्या सुट्टीत गाठलं, बसथांब्यावर गाठलं. शेवटी ते म्हणाले, एक शाळा. दहा मिनिटं. मी स्वतः हजर राहणार, आणि बरं वाटलं नाही तर विषय संपला. विभानं कंबर कसली. लग्न नसलेल्या एका सुट्टीच्या दिवशी हरीशला खुर्च्या उचलायला लावलं (तो कुरकुरत आला आणि चूल बघून बाह्या सरसावून कामाला लागला), जाळी काढली, विटा घासल्या.

सहावीची मुलं आली. घरातली फेरी छापील झाली, मुलं जांभया देत होती. मग विभा त्यांना मागं घेऊन गेली. शिमिझु-सान हात मागं बांधून उंबऱ्याबाहेर उभे. आत पाऊल टाकायला तयार नाहीत.

विभाचं पाठ केलेलं भाषण पार उडालं आणि तोंडातून निघालं, "या, या, बसा! रांगेत बसा!" पंगतच मांडली बाईनं! मुलांनी क्षणभर शिक्षकांकडे पाहिलं आणि मुकाट विटांच्या जमिनीवर मांडी घातली. उंबऱ्याबाहेर शिमिझु-सानांनी डोळे मिटले. स्वच्छ गणवेश, विटांची धूळ. मेले आता, विभाला वाटलं. पण मुसकं सुटलं ते सुटलंच. ती चुलीपाशी उभी राहिली आणि सांगू लागली. पहाटे चूल कशी पेटवायची, गरम भांडी अंगण ओलांडून पळत कशी न्यायची, पावसात झाकणं कशी धरायची. व्हिटकोमसाहेब जेवणघरात स्वातंत्र्यावर बोलायचे तेव्हा हॅना इथं असायची. ती कुठं जाऊ शकत नव्हती. तिच्या मुलांना दुसऱ्या गावी विकलं, त्या दिवशीही तिनं जेवण पाठवलं असणार.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "हॅना-सानना जेवण झाल्यावर कुणी गोचिसोसामा म्हणायचं का?"

हॅना-सान! मूळ घरी तिला आडनावसुद्धा नव्हतं, नुसती हॅना. या पोरीनं सहज 'सान' लावून तिला मान देऊन टाकला. आणि गोचिसोसामा म्हणजे जेवून उठताना, ज्यानं रांधलं, राबलं त्याला जपानी माणूस जे म्हणतो ते. आपल्या 'अन्नदाता सुखी भव'ची चुलतबहीण समजा.

"ठाऊक नाही गं," विभा म्हणाली. "म्हटलं असेल असं वाटत नाही."

मुलांत कुजबुज झाली. मग शाळेत दुपारच्या जेवणानंतर वर्गाचा पाळीचा मुलगा उठतो, तसाच एक मुलगा उठला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चुलीकडं तोंड करून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "हात जोडा!" सगळ्यांनी हात जोडले. सगळ्या माना वाकल्या. आणि त्या खोपट्यात एका सुरात आवाज घुमला, "गोचिसोसामा देशिता!"

विभानं दाराकडं पाहिलं. शिमिझु-सान अजून बाहेरच होते, पण त्यांचे हात जोडलेले होते.

मुलं धूळ झटकत बसकडे पळाली. शिमिझु-सान तेवढे मागं राहिले. "सबनीस-सान, चाळीस मिनिटांत हे बसत नाही," ते म्हणाले. विभाचा चेहरा खर्रकन उतरला. "तेव्हा साहेबांचं भाषण निम्मं करावं लागेल. तसंही ते फार लांबलंय. स्वच्छतागृहाला पार्किंगपाशी जागा आहे, संस्थेशी मी बोलतो."

मग त्यांनी उंबऱ्याबाहेर बूट काढून नीट जोडीनं ठेवले. मोजे घातलेल्या पायांनी विटांवरून चालत ते चुलीपर्यंत आले, वाकून धुराड्यात वर पाहिलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

"हे साफ करून घ्यायला हवं," ते म्हणाले. "अग्निशमन खात्याची परवानगीही लागेल. पण पुढची शाळा येईल तेव्हा ही पेटलेली असावी. तुम्हाला येते का हो, चूल पेटवायला?"

विभानं होकाराची मान जोरजोरात हलवली. ती मटकन त्या विटांवर बसली आणि हसता हसता रडायला लागली.