रेघबाईचे तीनशे चार

आमच्या लॅबमध्ये व्हाइटनरची बाटली सापडली की तो दिवस सगळ्यांनाच जड जातो. कारण रेघबाई. हे नाव मीच ठेवलंय. रजिस्टरात आकडा चुकला तर खोडायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला खरा आकडा लिहून आपली आद्याक्षरं टाकायची, असा तिचा नियम. तसा तो सगळ्याच लॅबचा आहे, पण आमच्याकडे पाळणारी ही एकटी. एकदा मी घाईत एका पेशंटचं वय रबराने खोडलं, तर ही बया पंधरा मिनिटं माझ्याशी बोललीच नाही आणि मग अर्धा तास बोलत राहिली.

मी बाहेर खिडकीवर बसते. नावं लिहून घेते, रिपोर्ट वाटते, लोकांची कटकट ऐकते. ती आत असते. सोळा वर्षं ती रक्त घेतेय, तपासतेय, रिपोर्ट तयार करतेय. फक्त सही करत नाही. सही डॉक्टरांची. ते संध्याकाळी येतात, उभ्या उभ्या गठ्ठाभर रिपोर्टांवर सह्या ठोकतात आणि "काही विशेष?" म्हणून तिलाच विचारतात. विशेष असलंच तर ते तिने दुपारीच शोधून ठेवलेलं असतं. करून सवरून ही, आणि नाव त्यांचं.

सही करायची तर वरची पदवी हवी. त्या पदवीला प्रवेशपरीक्षा आहे आणि चाळिशी ओलांडली की ती देता येत नाही. रेघबाईला एकोणचाळिसावं सरत आलंय. गेलं वर्षभर तिने डब्याच्या सुट्टीत एका हातात घास आणि एका हातात पुस्तक असा अभ्यास केला. घरी सराव करताना तीनशे वीसच्या खाली कधी आली नाही. गेल्या साली तीनशे अकरावर प्रवेश थांबले होते. म्हणजे गंगेत घोडं न्हालंच, असं मी सगळीकडे सांगूनही टाकलं होतं.

परीक्षा संपताच पडद्यावर आकडा आला. तीनशे चार.

खरी गंमत पुढे. या परीक्षेत आकडा दाखवून झाल्यावर विचारतात: गुण कायम ठेवायचे की रद्द करायचे? पाच दिवसांची मुदत, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. रद्द केले तर ते कायमचे पुसले जातात. तुम्ही परीक्षेला बसलाच नव्हता असं होतं, पण हे वर्ष गेलं. कायम ठेवले तर यंदा नशीब अजमावता येतं, पण हुकलं तर पुढच्या वर्षी दोन्ही परीक्षांची सरासरी धरतात. म्हणजे तीनशे अकरा गाठायला तेव्हा तीनशे अठरा हवेत, आणि पुढचं वर्ष तिचं शेवटचं. इकडे आड, तिकडे विहीर.

सोमवारी ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मला म्हणाली, "सर्दी झालीय." मी म्हटलं, "बरं." मंगळवारी तिने एकाच पेशंटला दोनदा नाव विचारलं. बुधवारी नळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, पुन्हा मोजल्या. चहा जागच्या जागी गार होत होता. मोबाइल उघडायचा, 'कायम' आणि 'रद्द' ही दोन बटणं बघायची, मोबाइल पालथा ठेवायचा. मी खिडकीतून बघत होते.

"घरी काय म्हणतात?" मी विचारलं.

"हे म्हणतात, रद्द कर आणि डोक्यातून काढून टाक. लेक म्हणते, मला गणितात बावीस पडले तेव्हा तू मला रद्द करू दिलेस का?"

"लेक तुझ्यावर गेलीय."

ती हसली नाही. म्हणाली, "अगं, अकरा प्रश्न सुटलेच नाहीत माझे. येत होते. पण मी आधीची उत्तरं तपासत बसले. एकेक तीनदा."

तिचा स्वभावच तो. कुलूप लावलं की ओढून बघणार, परत येऊन ओढून बघणार. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही ताक फुंकताना मी इतकी वर्षं बघतेय आणि त्यावरून चिडवतेय. दूध कुठे पोळलं, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

गुरुवारी मला राहवेना. तिची घालमेल बघवत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला माझ्या हुशारीचाही जरा मोह झाला. तिला तिच्याच भाषेत पटवू म्हटलं. रक्त गोठलं, कमी पडलं किंवा नळीवरचं नाव चुकलं तर ती नमुना रद्द करते आणि दुसरा मागवते. तो धागा पकडून मी म्हटलं, "हे बघ, त्या दिवशी हॉलमधला पंखा खडखडत होता, तू रात्रभर झोपली नव्हतीस. नमुनाच खराब होता, असं समज. रद्द कर आणि दुसरा घे. हाय काय आणि नाय काय!"

तिने हातमोजे काढले आणि माझ्याशेजारच्या स्टुलावर बसली.

"हेच म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "अगदी हेच. बाबांच्या वेळी."

मग तिने सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी वडिलांना थकवा यायचा म्हणून तिनेच त्यांचं रक्त घेतलं. मूत्रपिंडाच्या तपासणीत आकडा आला दोन पूर्णांक चार. धडधाकट माणसाचा एकाच्या आसपास असतो. तिने आकडा बघितला आणि तिला तो आवडला नाही. बाबांचा असा येणारच नाही, नळी बदलली असणार, असं तिने ठरवून टाकलं. नळी कचऱ्यात टाकली. रजिस्टरात नोंदच केली नाही. घरी सांगितलं, नळी हातातून पडून फुटली, पुन्हा कधीतरी घेऊ. ते कधीतरी चार महिन्यांनी आलं, त्यांच्या पायांना सूज आल्यावर.

"नळी त्यांचीच होती," ती म्हणाली. "नमुन्यात काही खोट नव्हती. मला आकडा नको होता, एवढंच. अजून सांगितलं नाहीये मी त्यांना."

आपण सांत्वन करायला जावं आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवावं, हे कसब माझ्या अंगी जन्मजात आहे.

शुक्रवारी सकाळी तिचे बाबा आले. दर महिन्याला येतात तपासणीला. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस, अजून शर्टाच्या खिशात टेप असतो. औषधं आणि पथ्य यावर तब्येत टिकून आहे. रक्त घ्यायची खुर्ची माझ्या खिडकीच्या मागेच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. नसतं आलं तरी मी कान दिलाच असता.

तिने दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, रक्त घेतलं. कापसाचा बोळा दाबून धरला आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, ती पहिली नळी फुटली नव्हती. मी फेकली होती. आकडा वाईट होता."

मला खिडकीबाहेरचा माणूस काहीतरी विचारत होता. मी त्याला हाताने थांबवलं.

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

"ठाऊक आहे म्हणजे?"

"अगं, लहानपणापासून तुझ्या हातून साधी कपबशी फुटली नाही. नळी फुटेल?"

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

त्यांनी खिशातला टेप चाचपला. "गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढतं बघ. मीही तसाच उभा होतो. विचारलं असतं तर तुला आकडा सांगावा लागला असता. मलाही तो नकोच होता, पोरी. एकट्या तुझीच चूक नव्हती ती."

ती रडली. हमसून हमसून नाही, नाक ओढत, एका हाताने तो बोळा दाबून धरूनच. बाबांनी दुसऱ्या हाताने तिची पाठ थोपटली आणि म्हणाले, "सोड आता. रक्त केव्हाच थांबलंय."

दिवसभर ती परीक्षेबद्दल चकार शब्द बोलली नाही. चार वाजले, साडेचार वाजले. माझी नजर घड्याळावरून हटेना. हिच्या मनात आहे तरी काय? पावणेपाचला ती बाहेर आली आणि माझ्या कॉम्प्युटरवर बसली. पान उघडलं. तिने सूचना वाचली, पुन्हा वाचली, पुन्हा वाचली. चार बावन्न. "अगं ए," मी म्हटलं, "परत अकरा प्रश्न तसेच ठेवणार आहेस का?" तिने 'कायम' दाबलं. पडद्यावर आलं, खात्री आहे का?

"माझाच आकडा आहे तो," ती म्हणाली आणि 'होय' दाबलं. चार छप्पन.

मला आनंद झाला असं म्हणणार नाही. मला धडकी भरली. प्रवेशाची यादी लागायला अजून नऊ दिवस आहेत. तीनशे चारला कोण विचारतं? यंदा हुकलं तर पुढच्या वर्षी तीनशे अठरा आणायचे, तेही प्रत्येक उत्तर तीनदा तपासणाऱ्या बाईने! मी रोज सकाळी तिच्याआधी यादी लागली का ते बघते आणि तिच्यासमोर साळसूद चेहरा करून बसते. तीही तेच करते. दोघींनाही ते माहीत आहे.

त्या शुक्रवारी जाताना तिने माझ्याकडून माळ्यावरच्या कपाटाची किल्ली मागितली होती. शनिवारी सकाळी आले तर टेबलावर अकरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर, धूळ पुसून ठेवलेलं. आत कागदाची खूण. मी उघडलं. त्या दिवसाच्या पानाच्या तळाशी कोरी जागा होती. तिथे निळ्या शाईत वडिलांचं नाव होतं, पुढे 'दोन पूर्णांक चार', 'उशिरा केलेली नोंद', आणि कालची तारीख. खाली सही होती. आम्ही टाकतो ती आद्याक्षरं नाहीत, सही. सोळा वर्षांत मी तिची पूर्ण सही पहिल्यांदाच पाहिली.