सात गाठींची सुतळी

दयारामभाऊ गेले, हे मला देवरीच्या एका चहाटपरीवर कळलं. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावला परत यायची बस अजून लागायची होती, समोर चहा होता आणि फोनवर त्यांची मुलगी सांगत होती, "गुरुजी, बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाही." मी काय बोललो ते आठवत नाही. एवढंच आठवतं की फोन खिशात टाकल्यावर माझा हात मी बसलो होतो त्या बाकाखाली गेला आणि लाकूड चाचपू लागला. मशीनचा रंधा, तारेचे खिळे, लाकूड ओलं असतानाच ठोकलेलं... म्हणजे बाक फार तर दहा वर्षांचा. जवळचा माणूस गेल्यावर लोक रडतात. मी बाकाचं वय काढत बसलो होतो. ही खोड मला त्यांनीच लावलेली. टपरीवाल्यानं चहा गार झाला म्हणून दुसरा दिला, तोही तसाच राहिला.

दयारामभाऊ सुतार. गोरेगावच्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. पोटापाण्यासाठी दाराच्या चौकटी, दिवाण, पाळणे करायचे. पण जीव अडकला होता तो शंभरेक वर्षांपूर्वी बनलेल्या फर्निचरमध्ये. मालगुजारांच्या घरांतून, जंगलखात्याच्या जुन्या बंगल्यांतून, रेल्वेच्या क्वार्टरांतून जे जे मोडीत निघे, ते त्यांच्या दुकानामागच्या शेडमध्ये येऊन पडे. तोंड धुवायचं संगमरवरी फळीचं स्टँड, टोप्या अडकवायचा उंच खुंट, तिरक्या झाकणाचं डेस्क, वेताच्या खुर्च्या. त्यातलं त्यांनी काही विकलं नाही. त्यांच्या पत्नी पार्वताबाई म्हणायच्या, "घरात माणसं दोन अन् खुर्च्या अठ्ठावीस. पाहुणा आला तं त्याले वाटते लग्नच हाय."

आमची ओळख शाळेत झाली. मी तेव्हा नोकरीत होतो, आणि मोडके बाक दुरुस्त करायला ते आले होते. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात एक गोल टेबल होतं, वर फाटके नकाशे रचलेले, भंगारात द्यायचं ठरलेलं. दयारामभाऊंनी नकाशे उतरवले, माझ्याकडून टेप मागून घेतला आणि टेबल आधी इकडून मोजलं, मग तिकडून. दोन्ही मापांत अर्ध्या इंचाचा फरक. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, याला आत काहीतरी सापडलं. "गोल टेबल जन्मभर गोल राहत नाही गुरुजी," ते म्हणाले. "लाकूड उभं आकसत नाही, आडवं आकसते. जे टेबल अजून पुरं गोल हाय ते पोट्टं हाय. हे पाहा, कसं लांबोडं झालं." मग ते टेबल उलटं करून त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि खालच्या बाजूला लिहिलं, अंदाजे कधीचं, कोणतं लाकूड, कुठं सापडलं. हा त्यांचा रिवाज. पारखलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटावर ते असा जन्मदाखला लिहून ठेवत.

त्यानंतर बावीस वर्षं मी त्यांच्या मागं हिंडलो. मोटरसायकल त्यांची, पेट्रोल माझं, आणि घरी बायकोला द्यायची उत्तरंही माझीच. कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी ते खुर्चीखालून तळहात फिरवत; लग्नातही, तेरवीतही. मला लाज वाटे. पुढं पुढं मीही तेच करू लागलो. जुन्या स्क्रूच्या डोक्यावरची खाच हातानं कापलेली असते, ती बरोबर मधोमध नसते. हातकरवतीचे ओरखडे सरळ पण कमीजास्त असतात, गिरणीच्या करवतीचे कमानीसारखे वळतात. वेतासाठी पाडलेली भोकं एकसारख्या अंतरावर असली तर समजावं, माणसानं नाही पाडली. स्पिरिटचा बोळा लावला आणि पॉलिश चिकट झालं तर तो चपडा, आपल्याच जंगलातल्या लाखेचा. हे सगळं त्यांनी मला शिकवलं, आणि विसरलो की चारचौघांत ओरडले.

जीभ त्यांची रोखठोक. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या शेठनं एकदा मोठ्या कौतुकानं घरचं कपाट दाखवलं. "मिस्त्री, अंग्रेज के जमाने का है. दादाजी ने कलकत्ते से मंगवाया था." दयारामभाऊंनी ड्रॉवर ओढला, उलटा केला, हुंगला, आणि म्हणाले, "शेठजी, ये तो मेरे उस्ताद ने और मैंने बनाया है. तब मेरी शादी नहीं हुई थी." शेठजींनी सांगितलेला चहा काही आला नाही. परतताना मी म्हटलं, "थोडं गोड बोलला असता तर काय गेलं असतं?" त्यांनी गाडी थांबवली नाही, मानही वळवली नाही. "त्यानं विचारलं, म्या सांगतलं. आयकाचं नव्हतं तं विचारलं कायले?"

अशा माणसाला मी मोठ्या तोऱ्यात माझ्या घरची खुर्ची दाखवली.

ती आमच्या बैठकीत आजही आहे. डाकबंगल्यात असायची तशी, लांब हातांची, वेताच्या विणीची सागवानी आरामखुर्ची. आमच्या घरी तीन पिढ्या एकच गोष्ट सांगितली जाई. देवरीकडच्या जंगलबंगल्यात एक गोरा साहेब होता, त्याची आणि गावचे पाटील असलेल्या माझ्या आजोबांची दोस्ती होती, आणि विलायतेला परतताना त्यानं आपली खुर्ची आजोबांना भेट दिली. आजोबांमागं त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. माझ्या बायकोनं तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. दयारामभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा मी ही गोष्ट रंगवून सांगत होतो आणि ते गुडघ्यावर बसून खुर्चीखालून हात फिरवत होते. हात बराच वेळ तिथंच राहिला. मी विचारलं, "काय म्हणते?"

"जुनी हाय," ते म्हणाले. "सत्तर वर्षाच्या अंगची." मग हात बाहेर काढत, "चांगल्या हाताची हाय."

मी खूश. म्हटलं, मग लिहा की खाली. ते म्हणाले, "पेन्सिल इसरलो." पेन्सिल त्यांच्या कानावर होती. मी हसलो, ते हसले नाहीत, आणि विषय तिथंच राहिला. त्यानंतर ते आले की दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढून त्या आरामखुर्चीसमोर बसत. मला वाटे, पंख्याचा वारा तिथं चांगला लागत असेल. एकदा फक्त, चहा पिता पिता, ते म्हणाले होते, "गुरुजी, कधी इकाले निघाली तं पयले मले सांगजा." मी म्हटलं, साहेबाची खुर्ची आहे दयारामभाऊ, ती या घरातून जायची नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मंग बरं हाय."

पुढं मी वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत त्या खुर्चीवर लेख लिहिला. साहेब, जंगल, दोस्ती, सगळं. वर खुर्चीचा फोटो. त्या दिवशी ते अंक घेऊनच आले. "चांगलं लिवलं," म्हणाले, आणि अंक परत घडी करून नेला.

त्यांच्या दुकानात एका खिळ्यावर जुनी, काळपटलेली सुतळी टांगलेली असे. तिला कमीजास्त अंतरावर सात गाठी. मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बापाची हाय. त्याले टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते, माप गाठीत धरे." त्यांचे वडील झिंगरू मिस्त्री, गावोगाव हिंडून बैलबंड्यांची चाकं आणि वखर करणारे; आमच्या गावीही येत. मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं. "कशाचं माप?" मी विचारलं. "एका खुर्चीचं," म्हणाले, आणि रंधा हातात घेतला.

तेरवी होऊन काही दिवस झाल्यावर मी दुपारचा त्यांच्या घरी गेलो. पार्वताबाई शेडमधल्या खुर्च्यांवर फडका मारत होत्या. मीही एक फडका उचलला. मग त्या आत गेल्या आणि बिस्किटाचा एक डबा घेऊन आल्या. डब्यात ती सुतळी होती.

"हे तुमी घेऊन जा गुरुजी. इथं उंदरं कुरतडतीन."

"मी काय करू वहिनी हिचं?"

"तुमच्याच खुर्चीचं माप हाय ना ते."

मी डब्यातली सुतळी उचलून गाठी पाहू लागलो. त्यांनी हातातला फडका खाली ठेवला. "तुमाले सांगतलं नाही का त्याइनं?" आणि मग त्यांनीच सांगितलं. माझ्या आजोबांना बंगल्यातली साहेबाची खुर्ची आवडली होती. तशीच पाहिजे म्हणून त्यांनी झिंगरू मिस्त्रींना धाडलं. "मामंजीनं खानसाम्याले इनवलं, साहेब जंगलात गेला तवा सुतळीनं माप घेतलं. साहेबाची खुर्ची साहेबासंगं गेली. तुमच्या घरची मामंजीच्या हातची."

"मग बावीस वर्षांत मला एकदाही का नाही बोलले?"

"म्या बी म्हणे, काऊन सांगत नाही? तं म्हणत, गुरुजी त्या गोष्टीत खुश हायेत, आपण कायले मोडाव. बापाची खुर्ची चांगल्या घरी हाय, रोज फडका लागते, अजून काय पायजे."

डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचं कात्रण होतं. माझ्या लेखातला फोटो. मजकूर सगळा नीट कापून टाकलेला, फक्त खुर्ची ठेवलेली. बापाचं काम छापून आलं होतं, म्हणून त्यांनी ते जपलं. मी काय लिहिलं होतं ते त्यांना नको होतं, आणि मला तसं कळू द्यायचंही नव्हतं. शेठजीला तोंडावर सांगणारा हा माणूस माझ्यापुढं बावीस वर्षं गप्प बसला. मला फार लाज वाटली. इतकी, की मी पार्वताबाईंच्या देखत रडलो, देवरीला आलं नव्हतं ते रडू तिथं आलं.

घरी येऊन रुमाल काढला आणि बायकोच्या मदतीनं खुर्ची उलटी केली. जिल्हाभरच्या खुर्च्या मी उलट्या करून पाहिल्या होत्या, ही कधीच नाही. आमच्या घरची गोष्ट मला तपासायची नव्हती, हेच खरं. सुतळीचं एक टोक बायकोनं धरलं. पहिली गाठ पायाशी बसली, दुसरी बैठकीच्या कडेशी, एकेक करत सातवी गाठ लांब हाताच्या अगदी टोकाला, जिथं तो गोल केलाय तिथं. आजोबा खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. साहेबाच्या खुर्चीसारखी खुर्ची म्हणता म्हणता साहेबाची झाली असेल. पण त्यात मिस्त्री कुठं गळाला, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.

आणि एक गोष्ट, जी लिहायला जड जातेय. या खुर्चीवर कोणी बसत नसे असं मी वर म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. आमची शाळा तपासायला येणारे एक साहेब एकदा घरी जेवायला आले होते, तेव्हा मी स्वतः रुमाल उचलून त्यांना त्या खुर्चीवर बसवलं होतं. दयारामभाऊ त्या दिवशी होते. दाराजवळ, प्लास्टिकच्या खुर्चीवर.

म्हणून ज्या पुरवणीत मी चूक छापली, तिथंच ती दुरुस्त करतोय. ही खुर्ची झिंगरू मिस्त्रींनी केली. खुर्चीच्या पोटावर, दयारामभाऊंनी जी जागा कोरी ठेवली होती तिथं, मी पेन्सिलीनं झिंगरू मिस्त्रींचं नाव लिहिलं आहे, सागवान लिहिलं आहे, आणि गाव. अक्षर दयारामभाऊंइतकं चांगलं आलं नाही. सुतळी शेजारच्या खिळ्याला टांगली आहे. रुमाल कपाटात गेला. गेल्या आठवड्यात नळ दुरुस्त करणारा आला होता, काम झाल्यावर टेकायला जागा शोधत होता. मी आरामखुर्चीकडं हात केला आणि म्हटलं, "बसा." तो बसला, पाय ताणले, म्हणाला, खुर्ची मस्त आहे. 'बसा', एवढा एक शब्द होता तो. दयारामभाऊंना मी कधी म्हटलाच नाही.