तीनवाले अण्णा

अण्णा मिस्त्री मोटरसायकलच्या किकचा गिअर बसवण्याआधी मोठ्यानं आकडे मोजत. किकचा शाफ्ट उभा धरायचा, त्याला पातळ तेलाचं बोट लावायचं, आत धातूचं नवं नळकांडं, म्हणजे बुश, ठोकलेला गिअर वरून सोडायचा आणि तो सरकत खाली येताना म्हणायचं, "एक... दोन... तीन." तीनला गिअर तळाला टेकला पाहिजे. आधी टेकला तर बुशचं भोक सैल, मध्येच अडला तर घट्ट. गिऱ्हाइकं हे बघायला मुद्दाम थांबत. सांगलीतल्या आमच्या रस्त्यावर त्यांचं नाव तीनवाले अण्णा असंच पडलं होतं. बाकीचे मिस्त्री गिअर शाफ्टवर घालून दोन बोटांनी हलवून बघत आणि मोकळे होत. यांनाच एवढं सगळं कशाला लागतं, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

मी त्यांच्या शेजारच्या दुकानात लेथवर टर्नर होतो. ही पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. माझं गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. सातवीत शाळा सुटली, चार वर्षं साताऱ्यात एका लेथवर काढली आणि लग्न झाल्यावर सांगलीला आलो. लेथच्या मालकांनी पहिल्याच दिवशी सर्टिफिकेट मागितलं. माझ्याकडं शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय काही नव्हतं. अण्णा शेजारून आले होते. म्हणाले, "आवं, कागुद काय बघताय? एक बुश कातून घ्या त्याच्याकडनं. कागुद काय किक मारणार हाय व्हय?" मी बुश कातला. अण्णांनी तो गिअरमध्ये बसवून शाफ्टवर सोडला, तीन म्हणाले, आणि मी कामाला लागलो. तेव्हापासून ते मला मेढेकर म्हणत, मग मालकही म्हणू लागले. माझं आडनाव मेढेकर नाही, पण मी कधी दुरुस्त केलं नाही.

किक घसरते म्हणून गाडी आली की बहुतेक मिस्त्री गिअरच बदलायला सांगत. दात झिजलेले दिसतातच. अण्णा आधी आतला बुश बघत. बुश झिजला की गिअर शाफ्टवर तिरका होतो, तिरका झाला की दात अर्धेच लागतात आणि मग दात जातात. "दाताला कशाला शिव्या देतोस रं?" ते गिऱ्हाइकाला म्हणत. "त्याला बसायला जागा नीट न्हाई. बसायला जागा नीट मिळाली की माणूस बी वाकडा चालत न्हाई." मग जुना बुश ठोकून काढायचा, मी गनमेटलचा, म्हणजे तांब्या-कथलाच्या मिश्रणाचा, नवा कातायचा, व्हाइसमध्ये दाबून तो गिअरात बसवायचा. दाबला की त्याचं भोक जरासं आवळतं, म्हणून भोक कोरून मापात आणणारा रीमर शेवटी फिरवायचा. रीमर मी फिरवायचा आणि मोजायचं अण्णांनी, असं आमचं ठरून गेलं होतं.

ते चहा बिनसाखरेचा पीत. मला वाटे, खोड असेल. हॉटेलातला पोऱ्या उकळता ग्लास फडक्यात धरून आणी आणि अण्णा तो उघड्या बोटांनी घेत. लोक म्हणत, मिस्त्रीचा हात लय पक्का. एकदा ग्लास खाली ठेवला तेव्हा त्यांच्या अंगठ्याला आणि बोटांना टपोरे फोड आलेले मी पाहिले. ते स्वतः दुसरीकडं बघत बोलत होते. मी म्हणालो, "अण्णा, हात." त्यांनी हाताकडं पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं.

"साखर हाय अंगात," ते हळूच म्हणाले. "डाक्टर म्हणतो, शिरा मेल्या. टोकाला काय बी कळत न्हाई बघ."

"कधीपासून?"

"तीन म्हणतोय तवापासून. आता बोलू नगंस कुठं. ह्या धंद्यात बोटांवरच पोट हाय."

मी बोललो नाही. पण माहीत झालं ते झालंच.

त्या महिन्यात गनमेटलचा गज मिळत नव्हता. मालक सकाळीच म्हणाले होते, "मेढेकर, काल एक तुकडा वाया घातलास. आज अजून एक घातलास तर सरळ मेढ्याची एसटी धर." बायको चार महिन्यांची गरोदर होती आणि खोली आत्ता कुठं मिळालेली. मी काम करताना नेहमीच दोनदा मोजणारा माणूस. त्या दिवशी चारदा मोजलं, आणि बहुतेक त्यातच रीमर एकदा जास्त फिरला. गिअर शाफ्टवर घालून पाहिला. बोटांना डुलणं लागलं. फार नाही, केसभर.

गाडी पलूसच्या जनावरांच्या डॉक्टरांची होती. ते बाहेर बाकावर बसले होते. मी मालकांकडं पाहिलं. मग कपाटाखालचा डबा काढला आणि पातळ तेलाऐवजी गिअरबॉक्सचं जाड तेल बुशच्या आत भरपूर लावलं. अण्णांनी शाफ्ट उभा धरला. जाड तेलात सैल गिअरही हळू आला. एक, दोन, तीन. अगदी तीनला टेकला.

"मस्त," अण्णा म्हणाले, "डाक्टर, आता म्हशीला सुई टोचताय तशी किक मारा."

डॉक्टर हसले. मीही हसलो असेन.

आठ दिवसांनी ते लंगडत आले. एका गोठ्याबाहेर किक घसरली, पाय सुटला आणि किकचा दांडा उलटून नडगीवर बसला. गुडघ्यापासून खाली काळंनिळं होतं. ते चिडले नव्हते, त्यामुळं जास्त वाईट. अण्णांनी इंजिन खोललं. गिअर काढला, रॉकेलमध्ये धुतला, पुसला, पातळ तेल लावलं आणि शाफ्टवर सोडला. एक म्हणायच्या आत तो खट् करून खाली पडला.

आमचे मालक आवाज ऐकून आले. रस्त्यावरची चार माणसंही जमली. मालकांनी माझ्याकडं बघत विचारलं, "हा बुश कुणाचा?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, ते आजही मला सांगता येत नाही.

"बुश चांगलाच हुता," अण्णा म्हणाले. "माझं चुकलं. रीमर त्या दिशी मीच जादा फिरवला. माझी बोटं मेल्यात, मालक. वरीस झालं. गरम कळत न्हाई, सैल कळत न्हाई. मीच लपवलं." आणि दोन्ही हात त्यांनी सगळ्यांपुढं धरले. फोडांचे डाग, कापल्याच्या खुणा, सगळं तिथं होतं.

डॉक्टर म्हणाले, साखरेनं असं होतं. पण ते पलूसला गेले आणि रस्ता इथंच राहिला. दोन दिवसांत लोक दुसऱ्याच रोगाचं नाव घ्यायला लागले. हॉटेलातून अण्णांचा चहा बिनकानाच्या वेगळ्या कपात यायला लागला. ते तो पीत आणि कप स्वतः धुऊन ठेवत. गाड्या समोरच्या गॅरेजात जाऊ लागल्या. मी रोज लेथवर उभा राहून हे पाहिलं. जेवण जात होतं, झोप लागत होती. त्याचंच मला नवल वाटे.

दोन महिन्यांनी अण्णांनी हत्यारं विकली आणि कराडजवळच्या मलकापूरला मुलीकडं निघाले. मी पेटी घेऊन स्टँडवर गेलो. कराडची गाडी लागायला वेळ होता.

"अण्णा," मी म्हणालो, "त्या दिवशी तेल..."

"जाड हुतं. ठावं हाय."

मी पेटी खाली ठेवली.

"गनमेटल आठ दिसांत एवढं झिजतंय व्हय रं? धुतल्यावर कळलं की."

"मग मालकांसमोर तुम्ही..."

"तुला मेढ्याला धाडून माझ्या बोटांत काय जीव येणार हुता?" ते म्हणाले. मग गाडी लागली तसे उठले. "पोर झालं की कळीव."

पोर झालं, मी पत्र टाकलं. उत्तर मुलीच्या अक्षरात आलं, की अण्णा पावसाळ्यात गेले. आता मी इकडं जामनगरला पितळेच्या कारखान्यात आहे. घरापासून इतका लांब, की अण्णांसारखं बोलणारं इथं कुणी नाही.

त्या दिवशी स्टँडवरून परत आलो आणि लेथ सुरू केला. मनात काही नव्हतं. दुपारी एका बुशचं भोक मोठं झालं. गनमेटल अजूनही टंचाईचंच होतं. मी लेथ बंद केला, बुश उचलला आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"सैल झाला," मी म्हणालो. "माझ्याकडून."

मालकांनी तो बोटांत फिरवला, माझ्याकडं पाहिलं.

"दुसरा कात," ते म्हणाले.