पिनरहून गेलेलं पत्र

हे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. शब्द कमी पडले तर माफ करा.

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या शाळेत गणिताच्या सरांनी अख्ख्या वर्गासमोर माझा पेपर वर धरला. ''शंभरात एकोणीस. तू फायनलला सोपा, खालच्या पातळीचा पेपर दे.''

खालच्या पेपरात सगळं बरोबर आलं तरी कॉलेजला चालेल असा ग्रेड मिळत नसे.

मी म्हटलं, ''सर, गोळीबारानंतर मला...''

''तुला तर लागलीही नव्हती.''

खरंच लागली नव्हती. एक माणूस बंदूक घेऊन शाळेच्या लॅबमध्ये शिरला तेव्हा मी बाकाखाली लपले. शेजारच्या जॅनेटचा खांदा गोळीने फुटला. त्याआधी मी गणितात पहिल्या तिघींत असायचे. त्यानंतर कुठे खुर्ची सरकली तरी डोक्यातले आकडे जायचे. दाराकडे पाठ असली की एकही उदाहरण सुटेना.

शाळा म्हणाली, गोळीबाराचा परिणाम धरून मार्क द्यावेत असं परीक्षा मंडळाला कळवू, पालकांचं पत्र द्या. बाबा हॉस्पिटलात पोर्टर, रुग्णांच्या ट्रॉल्या ढकलायचे. इंग्रजीत काही लिहायचं असलं की वॉटफर्डची आमची माणसं जवळच्या पिनर गावातल्या मराठी डॉक्टरांकडे जात. आम्हीही गेलो. आम्ही बौद्ध, हे त्या घरात ठाऊक होतं.

चहा ठेवताना डॉक्टरांच्या पत्नी त्यांना म्हणाल्या, ''अहो, गोळीचं निमित्त. यांच्या मुलांना अभ्यास झेपतो कुठे?''

डॉक्टर हसले. ''पत्र मीच शाळेत पाठवतो. काळजी करू नका.''

बाबांनी हात जोडले. ''उपकार झाले, साहेब.''

मी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, ''मी वरचाच पेपर देणार.''

दिला. नापास झाले. मंडळाने एकही मार्क वाढवला नाही. मग आणखी एक वर्ष. भिंतीला पाठ, दाराकडे तोंड, असा अभ्यास. पास झाले. पण मनात राहिलंच, डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या ते खरं तर नसेल?

परवा शाळेकडून माझी फाईल मागवून घेतली. त्यात डॉक्टरांचं पत्र निघालं. 'मुलीची कुवत मुळातच बेताची आहे. घटनेशी संबंध नाही.' खाली त्यांचीच सही.

बाबांना मराठीत सांगितलं.

''मी हात जोडले होते गं,'' ते म्हणाले. मग म्हणाले, ''आता तू लिही. सही मी करतो.''

लिहितेय. मंडळाला, शाळेला, पिनरला. यापुढे आमच्याविषयीचा एकही कागद आम्ही वाचल्याशिवाय जाणार नाही.