बंद देवळासमोरचा वाढदिवस

त्या वर्षी मी देवाशी बोलणं सोडलं होतं. हे कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणाशी वादही घातला नव्हता. सकाळी आंघोळ झाली की देवघरावरून तशीच स्वयंपाकघरात जायचे, इतकंच. पूजा यजमान करायचे. त्यांच्या ते लक्षात आलं होतं, पण लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर माणूस काही गोष्टी विचारत नाही.

आमचं नाशिकला पेठ रोडला औषधांचं दुकान आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही रोज दुकानात उभे होतो. काउंटरपुढे दोरी बांधलेली, वरून जाड प्लास्टिकचा पडदा सोडलेला. लोक डॉक्टरांची चिठ्ठी त्या पडद्याखालून आत सरकवायचे. मला अक्षर वाचायचीही गरज उरली नव्हती. सगळ्यांना तेच इंजेक्शन हवं असायचं आणि ते आमच्याकडे नसायचं, शहरात कुठंच नसायचं. दिवसभर मी 'नाही' म्हणायचे. एका दुपारी पेठकडच्या एका गावातून आलेले एक गृहस्थ चिठ्ठी परत घेईनात. "ताई, नाय नका म्हनू. एकडाव आत बघून या," म्हणाले. आत काही नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी आत गेले, रिकाम्या फ्रीजपाशी मिनिटभर उभी राहिले आणि बाहेर येऊन पुन्हा 'नाही' म्हणाले. त्यांनी पडद्यापलीकडून मला हात जोडले आणि गेले. पुढे त्यांच्या माणसाचं काय झालं, मला कळलं नाही. पण ते जोडलेले हात डोळ्यांपुढून हलेनात. ज्याला जोडायचे तो गप्प बसला आणि मला जोडले, असं वाटत राहिलं. त्यानंतर माझे हात जुळेनासे झाले.

श्रावणात जरा सैल झालं. हॉटेलं उघडली, गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. यजमानांना पंचावन्न वर्षं पूर्ण होत होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं फोनवर बजावलं, "आई, दोन-तीन दिवस दुकान बंद ठेवा. बाबांना कुठंतरी घेऊन जा. समुद्र बघा." कुठं जायचं हे मात्र यजमानांनी ठरवलं. गणपतीपुळे. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही तिथंच गेलो होतो. मी म्हटलं, "देवळं बंद आहेत सगळी." ते म्हणाले, "समुद्र तर उघडा आहे."

पहाटे निघालो. कसारा घाट उतरलो, पनवेल गाठलं आणि मग कोकणचा तो न संपणारा रस्ता. वाटेत दोनदा लशीचं सर्टिफिकेट दाखवावं लागलं. संध्याकाळी पोचलो तर गावात ही गर्दी. वर्षभर घरात कोंडलेलं सगळं जग जणू त्याच एका किनाऱ्यावर आलं होतं. लॉजवर निम्म्याच खोल्या देत होते, जेवायला पाळ्या लावल्या होत्या. किनाऱ्यावर पोलिसांची गाडी हळूहळू फिरत होती आणि त्यातून सारखं सांगणं चालू होतं की पाण्यात उतरू नका, मास्क काढू नका, घोळका करू नका. लोक ऐकत होते आणि घोळका करत होते. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर बांबू आडवे बांधले होते.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस. यजमानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळची गोळी त्यांनी नेहमीच्या वेळेला घेतली. नाश्त्याला आमची पाळी यायला अजून तासभर होता, म्हणून म्हणाले, "तेवढ्यात फिरून येऊ." मी, औषधांच्या दुकानात उभं आयुष्य काढलेली बाई, गोळीनंतर वेळेवर खायला हवं हे रोज दहा जणांना सांगते. त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या पर्समध्ये नेहमी ग्लुकोजची पूड असते. पर्स खोलीवर राहिली.

वाळूत फिरून झाल्यावर ते म्हणाले, "चल, बांबूपर्यंत जाऊन येऊ. लांबूनच नमस्कार करू."

"तुम्ही जा. मी इथं बसते."

"अगं, आज तरी."

"कोणाला करायचा नमस्कार? तो काय करत होता तेव्हा?"

माझा आवाज चढला होता. शेजारची माणसं बघायला लागली. मी त्यांचा फोटो काढला होता, त्यामुळे त्यांचा फोन माझ्याच हातात होता. तो परत न घेता ते एकटे गेले. मी सुरूच्या झाडाखाली पाण्याकडे तोंड करून बसले, रागात.

अर्धा तास झाला असेल. मग मी उठून वाटेकडे बघितलं, आणि मला कळलं की मी त्यांना ओळखूच शकणार नाही. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. त्यांच्यासारखे आकाशी शर्ट तर किती जणांचे. मी बांबूपर्यंत गेले, ते तिथं नव्हते. लॉजवर धावत जाऊन आले, तिथंही नव्हते. आणि तेव्हा घड्याळ बघताना सकाळची गोळी आठवली. उपाशीपोटी, चालून, उन्हातून. पुढं काय होतं हे मला पुस्तकातल्या पानासारखं पाठ आहे. घाम येतो, हात कापतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि मग कोसळतो. सगळं माहीत होतं आणि माझ्या हातात काहीही नव्हतं. गर्दीतून वाट काढताना मी काहीतरी पुटपुटत होते. बऱ्याच वेळानं माझ्या कानांना ते ऐकू आलं. "बाप्पा, शोधून दे. शोधून दे." किती महिन्यांनी ते नाव माझ्या तोंडी आलं होतं, आणि मी ते आणलं नव्हतं.

पोलीस गाडीतल्या बाईंना गाठून वर्णन सांगितलं. त्या लाउडस्पीकरवर सांगायला लागल्या, तेवढ्यात बाजूचा एक माणूस म्हणाला, "तिकडे दुकानांच्या मागे एक जण पिऊन पडलाय, तो नाही ना?" यजमानांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. मी त्या दिशेनं धावले.

बंद दुकानांच्या ओळीमागे एक ओटा होता. दहा-पंधरा माणसं अंतर ठेवून उभी होती. त्या दिवसांत कोण कुणाला शिवणार? ओट्यावर यजमान बसलेले, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. आणि साठीतली एक बाई त्यांना छातीशी धरून बसली होती. तिनं त्यांचा मास्क काढला होता. आपलं बोट त्यांच्या गालाच्या आत घालून ती साखर लावत होती, लहान मुलाला चाटण देतात तशी. "गिळ हा, हळू. अजून घे," असं म्हणत होती. यजमान तिच्याकडे बघत एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलत होते, "माय, माले घर जानं शे." ते नामपूरचे. घरात त्यांच्या आईशी ते अहिराणीतच बोलत. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून मी ती भाषा त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. आई, मला घरी जायचंय, एवढंच ते म्हणत होते. कोकणातल्या लोकांना ती बडबड वाटली, यात नवल नाही.

मी जवळ जाऊन बसले. ती मला म्हणाली, "तुझा घो का गो? घाबरू नको. साखर उतरलीय त्याची. पडंल आता आराम." औषधांबद्दल मी तिला काही सांगायची गरज नव्हती. मी फक्त यजमानांचे पाय धरून बसले. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचे डोळे निवळले. मला ओळखलं, आजूबाजूला बघितलं आणि ओशाळून म्हणाले, "नाश्ता राहिला का?" मग मला रडू आलं. पोलीस बाईंनी गाडीतून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. साखर तपासली, अजून थोडी कमीच होती. खायला दिलं, दोन तास बसवून घेतलं, मग सोडलं.

दुपारी ते झोपले. चारच्या सुमाराला मी त्या बाईंना शोधत गेले. त्या तिथंच ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात एका फडक्यावर थोड्या दुर्वा. हार-फुलं विकायचा त्यांचा धंदा. देऊळ बंद झाल्यापासून विकायला काही नव्हतं. तरी रोज येतात, एकवीस दुर्वांची एकच जुडी बांधतात आणि डोंगराच्या पायथ्याशी ठेवून घरी जातात. इथं अख्खा डोंगरच गणपती मानतात. "दार बंद केलानी, पण डोंगराला कुलूप कसा लावनार?" असं त्या सहज बोलून गेल्या.

मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं? सगळे म्हणत होते पिऊन पडलाय."

त्या दुर्वा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा मालक असाच गेला. बाजाराला गेला होता, तिथं साखर उतरली. तोल जात होता, बडबडत होता. लोक बोलले, पिलाय. कोनी जवळ गेला नाय. मला सांगावा आला तेव्हा सगळा संपला होता." त्यांनी कमरेची पुडी दाखवली. कागदात बांधलेली साखर. "तवापासून ही कनवटीला असते. वाकडा बसलेला मानूस दिसला की मी आधी जाते. पिलेला असला तर असू दे, साखरेनं मरत नाय कोन. तुझा मालक काय बोलत होता ता मला कळला नाय. 'माय' बोलला, तेवढा कळला."

त्यांच्या माणसाला कुणी हात लावला नाही, म्हणून माझ्या माणसाला हात लावणारं कुणी होतं. यात देवाची कृपा कुठली आणि निष्ठुरपणा कुठला, हे मला त्या दिवशी उलगडलं नाही. आजही उलगडलेलं नाही. मी भीत भीत विचारलं, "तुम्हाला देवाचा राग नाही येत?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "रोज येतो. मग त्याच्याच म्होरं येऊन बसते. त्याचा राग दुसऱ्या कोनावर काढू?"

इतकं बोलून त्यांनी जुडीला दोरा गुंडाळला आणि उठल्या. मी त्यांच्यामागून गेले. बांबूच्या अलीकडे, डोंगराचा खडक जिथं वाळूत उतरतो तिथं त्यांनी जुडी ठेवली, हात जोडले आणि वळूनही न बघता घरच्या वाटेला लागल्या. मी उभी राहिले. डोंगर हिरवागार होता, वर ऊन होतं, मागे माणसांचा आणि समुद्राचा आवाज मिसळून येत होता. मी हात जोडले नाहीत. आधी बोलले. जे जे मनात साठलं होतं ते सगळं, मास्कच्या आत, हलक्या आवाजात. किती माणसं आली, मी किती वेळा नाही म्हटलं, तू कुठं होतास, मला कशाला उभं केलंस तिथं. आरोपच होते सगळे. बोलून संपलं तेव्हा पाय दुखत होते. उत्तर आलं नाही. पण इतके दिवस जे माझ्या एकटीच्या अंगावर होतं ते मी खाली ठेवलं होतं, हे जाणवलं. मग हात आपोआप जुळले.

शरण जायचं म्हणजे तक्रार नाहीशी व्हायला हवी, असं मला वाटायचं. ज्यांना ते जमतं ते थोर. मला त्या मावशींनी शिकवलं की तक्रारीसकट जाता येतं. औषध देणं माझं काम, जगवणं माझं काम नव्हतं. ते माझं समजून मी कुढत बसले होते, आणि माझं जे काम होतं, स्वतःच्या माणसाला वेळेवर खायला घालायचं, ते रागाच्या भरात विसरले होते.

रात्रीच्या जेवणाला लॉजवाल्यांनी यजमानांसाठी खीर आणली. त्यांनी माझ्याकडे परवानगीसाठी बघितलं. मी म्हटलं, "घ्या, आज घ्या." त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

निघायच्या सकाळी मी मावशींचा नंबर घेतला होता, आमचा फोन अधूनमधून होत राहिला. पुढे घटस्थापनेला देवळं उघडली. त्या सकाळी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्यांचा फोन आला. "ताई, दार उघडलानी," एवढंच म्हणाल्या आणि फोन बहुतेक हातात उंच धरला. घंटा ऐकू येत होत्या, माणसांचा गलका, कुणाचं तरी मूल रडत होतं. मी गिऱ्हाईकाला मिनिटभर थांबायला सांगितलं. फोन कानाशी धरून काउंटरमागे उभी राहिले. मागण्यासारखं काही आठवलं नाही. शेजारी यजमान गोळ्यांची पाकिटं कापत होते. मी फोन त्यांच्या कानाला लावला.