आठ आकड्यांचं कार्ड

नागपुरात तांडापेठेतल्या ताराचंद हेडाऊंच्या हाती काहीही पडो, ते आधी उलटून पाहतात. टॉवेल, लग्नपत्रिका, ताटातली पोळीसुद्धा. घराणं विणकराचं. कापड समोरून कितीही हसलं तरी पाठीमागे खरं बोलतं, हे लहानपणापासून मुरलेलं. चंद्रकलाबाई म्हणतात, "मलेही उलटून पाहिलं असतं यायनं, पण मांडवात माहा बाप समोर उभा होता."

ताराचंदांचे वडील लुगड्याच्या किनारीची नक्षी कागदावर काढायचे आणि शेवटच्या दोन ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवायचे. त्या दोन ओळी फक्त डोक्यात. कोणी कागद पळवलाच तर त्याची किनार अर्ध्यावर फसलीच पाहिजे. हातमाग गेले, घरात चार पॉवरलूम आले, लुगड्यांच्या जागी यंत्रं पुसायचं सुती कापड निघू लागलं. पण त्या कोऱ्या दोन ओळी ताराचंदांच्या रक्तात राहिल्या.

त्यात चुलतभाऊ गोविंदाने भर घातली. धंदा तोच, गल्लीही तीच. एकदा त्याने भलत्याच नंबरवरून फोन केला, आवाज जाड करून गिऱ्हाईक झाला, ताराचंदांकडून भाव काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक खिशात घातलं. तेव्हापासून ताराचंद अनोळखी फोन उचलत नाहीत. स्वतःचा नंबर तर सख्ख्या साळ्यालाही सांगत नाहीत.

अशा माणसाला विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतल्या विमानं दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं बोलावणं आलं, तेही चंद्रकलाबाईंच्या माहेरच्या ओळखीतून. कापडाचा नमुना आणि आपल्या धंद्याचं कार्ड घेऊन या. चारपैकी दोन लूम सहा महिन्यांपासून झाकून ठेवलेले. हे काम मिळालं नाही तर उरलेले दोनही भंगारवाला नेणार, हे ताराचंदांना ठाऊक होतं.

सीताबर्डीच्या एका बोळात प्रशिकचं कार्डं छापायचं दुकान आहे. पोरगा गुणी. ताराचंद त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले, स्क्रीनवर डोळा ठेवून.

"काकाजी, बसा ना."

"उभाच बरा. तू हे नाव सेव्ह करून कोणाले पाठवते?"

"कोणालेच नाही जी. नंबर सांगा."

ताराचंदांनी आधी दाराकडे पाहिलं, मग फक्त आठ आकडे सांगितले.

"पुढचे दोन?"

"तिथं दोन रेघा ओढ. माणूस पाहीन, पटला तर माह्या हातानं भरून देईन."

प्रशिकने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. "काकाजी, कार्ड देऊन राहिले का कोडं घालून राहिले?"

"तुले काय करायचं? तू छाप."

आता कागद आला. प्रशिकने मॅट दाखवला. ताराचंदांनी उलटला, नख फिरवलं. यावर कोणीही काहीही खरडेल, तिनाचा आठ करेल! त्यांनी चकचकीत लॅमिनेशन मागितलं, दोन्ही बाजूंनी, पाणी सोडलं तरी थेंब घसरला पाहिजे असं.

"पण काकाजी, यावर..."

"तू मॅटसाठी काहून मरून राहिला गा? त्यात तुयाच फायदा दिसते."

प्रशिकने मॅटचा कागद परत खणात ठेवला. कोणीही ठेवला असता.

पाचशे कार्डं झाली. वर 'चंद्रतारा टेक्सटाईल', खाली आठ आकडे आणि दोन रेघा. खिशाला बॉलपेन लावून ताराचंद मिहानला पोचले, तर बाकावर आधीच कोण? गोविंदा, नवा शर्ट घालून.

"या दादा. मोठं मनावर घेतलं तुमीनं!"

ताराचंदांनी पिशवी दुसऱ्या काखेत धरली.

खरेदी पाहणाऱ्या दिपाली मॅडम बाहेर आल्या आणि तिथेच उभ्या राहून नमुने पाहू लागल्या. ताराचंदांचं कापड त्यांनी उचललं आणि उलटून पाहिलं. उलटून! ताराचंदांचा विश्वास पहिल्यांदाच कोणा परक्यावर बसला.

"छान आहे. धागा सुटत नाही. कार्ड द्या ना, काका."

ताराचंदांनी कार्ड काढलं, बाकाकडे पाठ केली आणि पेन टेकवलं. पेन घसरलं. दाबलं, फुंकर मारली, पुन्हा दाबलं. निळा डाग उमटला, बोटाला लागला आणि आकड्यांच्या जागी अंगठा उठला. दुसरं कार्ड, तिसरं कार्ड. दोन रेघा कोऱ्या त्या कोऱ्याच.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "राहू द्या काका. बोला, मी फोनमध्येच घेते."

मागे बाकावर गोविंदा मघापासून खोकत होता, ते खोकणं एकदम थांबलं.

ताराचंदांनी कापड पाहिलं. मॅडमच्या हातात ते अजून उलटंच होतं. मग डोळे मिटून त्यांनी दहाही आकडे म्हटले, मोठ्याने, हजेरी दिल्यासारखे.

"अरे वा दादा," गोविंदा म्हणाला, "मस्त नंबर आहे तुमचा!"

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर. ताराचंद फोनकडे सापाकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"उचला ना जी," कणीक मळता मळता चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"गोविंदा आहे. बाईचा आवाज काढून भाव विचारते तो आता."

फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. चंद्रकलाबाईंनी कणकेच्या हाताने उचलला. "हो जी... हो मॅडम... आहेत ना, इथंच बसून आहेत. थोडे आजारी आहेत." मग फोनवर हात ठेवून, "कापड पाठवा म्हणते. दर महिन्याले!"

झाकलेल्या लूमची ताडपत्री त्याच दुपारी निघाली.

ताराचंद पुन्हा प्रशिककडे गेले. या खेपेस साधा मॅट कागद आणि पूर्ण दहा आकडे. पण आकडे चंद्रकलाबाईंच्या फोनचे. गोविंदाने हवा तेवढा आवाज बदलावा, तिच्यापुढे त्याचं काही चालत नाही. जुन्या कार्डांवर कणकेचे डबे टेकवलेले आहेत.

धंदा बरा चाललाय. फक्त आजकाल बाईंचा फोन दिवसभर वाजतो, त्या हसून हसून बोलतात आणि ताराचंद लूम बंद करून दाराशी येतात.

"कोण होता वं?"

"गिऱ्हाईक."

"मंग हसून काहून राहिली?"