हलव्याचे दागिने, त्याच दिवशी घरपोच

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, भर दुपारी, गळ्यात हलव्याचं मंगळसूत्र घालून मी घाटकोपरहून अंधेरीला गेलो. मिशी होतीच.

त्याचं असं झालं. आमची आई सुनांच्या पहिल्या संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने करते. ते ऑनलाइन विकायची अक्कल माझी. फॉर्ममध्ये प्रश्न आला : माल किती दिवसांत पोचवाल?

"सात लिही," आई म्हणाली. "नुसता हलव्याला काटा यायला तीन दिवस लागतात."

"सात दिवस कोण थांबतं गं? लोक दहा मिनिटांत कोथिंबीर मागवतात!"

"मग त्यांना कोथिंबीरच घालू दे गळ्यात."

मी 'त्याच दिवशी' निवडलं. (त्यानं यादीत आपलं नाव वर येतं म्हणे.) ऑर्डर आली की बघू!

ऑर्डर आली ती थेट संक्रांतीच्या दिवशी, सकाळी साडेअकराला. पाठोपाठ अंधेरीच्या देसाईकाकूंचा फोन.

"पाचला हळदीकुंकू आहे. पन्नास बायका येतायत. तुम्ही 'त्याच दिवशी' लिहिलंयत ना, म्हणून मी दुसरीकडची ऑर्डर रद्द केली हो!"

घरात तयार सेट एकच, फोटोसाठी केलेला. आईनं तो जड मनानं खोक्यात ठेवला. कुरियरवाल्यानं उद्याची वेळ दिली, म्हणून मीच खोका घेऊन रिक्षात बसलो. नाक्यापर्यंत दोनच खड्डे, पण आतून 'कट्' असा आवाज आला. कमरपट्ट्याचे दोन तुकडे! परत घरी. आईनं सुईदोऱ्यानं तो सांधेपर्यंत साडेतीन वाजले.

"खोक्यात टिकायचा नाही," माझी बायको नंदा म्हणाली. "अंगावर घालून जा."

"तू घाल ना!"

"मला चारला मीटिंग आहे. आणि 'त्याच दिवशी' मी नव्हतं लिहिलं."

दोघींनी मिळून मला सजवलं. शर्टावर मंगळसूत्र, हार, कमरपट्टा. कानांना दोऱ्यानं बांधलेले झुबे, कपाळावर बिंदी. अर्ध्या बाह्यांखाली, उघड्या दंडांवर बाजूबंद.

मेट्रोनं गेलो, हिसके कमी. तपासणीला जवान थबकला.

"ये क्या है?"

"शक्कर."

"खाने की चीज पहन के क्यों घूम रहे हो?"

"डिलिव्हरी है."

त्यानं साहेबाला बोलावलं. साहेबानं मला प्रदक्षिणा घातली. "शादी किसकी है?"

"मेरी नहीं."

सोडलं! (बहुधा दयेनं.)

डब्यात शेजारच्या आजींनी हळूच विचारलं, "पहिली संक्रांत का?" नकारार्थी मान हलवली असती तर झुबा तुटला असता. आणि सगळी कथा सांगायला वेळ कुठे होता! मी म्हटलं, "हो."

"सुखी राहा," आजी म्हणाल्या आणि दोन सीट पलीकडे जाऊन बसल्या.

पाचला आठ मिनिटं असताना मी देसाईंची बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं आणि माझ्या मागे जिन्यात पाहिलं.

"पार्सल कुठाय?"

"मीच."

काकू खमक्या. मला आतल्या खोलीत उभं करून एकेक दागिना उतरवायला लागल्या आणि काळ्या साडीतल्या सुनेला चढवायला लागल्या. सगळं उतरलं, डावा बाजूबंद उतरेना! घामानं साखर पाघळली होती आणि दंडावरच्या केसांत घट्ट बसली होती. काकूंनी ओढला. मी असा किंचाळलो की हॉलमधल्या बायका दारात जमा झाल्या.

"अहो ओढू नका, तुटेल!" एक बाई कळवळल्या. (दंडाबद्दल नव्हे, बाजूबंदाबद्दल.)

"गरम पाणी लावू का?" सून म्हणाली.

"विरघळेल ना!" काकू म्हणाल्या. "फोटोग्राफर थांबलाय. अहो, तुम्ही असं करा, सोफ्यामागे बसा."

मी बसलो. सून सोफ्यावर बसली, स्वतःचा डावा हात पदराखाली लपवून. तिथून माझा हात बाहेर आला. पन्नास बायकांनी तिच्याबरोबर आळीपाळीनं फोटो काढले. मी पाऊण तास तो दंड हलवला नाही. चार जणींनी चुकून माझ्याच हातात तिळगूळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकूंचा अभिप्राय आला. पाचपैकी चार तारे. 'दागिने सुरेख. दिलेल्या वेळेत मिळाले. फक्त फोटोंत सूनबाईंचा डावा दंड फार केसाळ आलाय.'